अंजिराला आणखी एक वर्ष



या वेळी खतपाण्याची माहिती थोडी मागे ठेवतो. एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. पत्र दोन पानांचे आहे. पहिल्या पानावर कांद्याचा प्रश्न आहे. गारांनी पात मोडली, आता कांदा ठेवावा की काढावा? त्याचे उत्तर मी टपालाने पाठवले आहे. दुसऱ्या पानाचे उत्तर मात्र इथे देतो, कारण तो प्रश्न पुष्कळ घरांत निघतो आणि पुष्कळ घरांत तो दबक्या आवाजातच राहतो.

घर ख्रिस्ती आहे. दीड एकर कांदा गारांनी झोडपला. बांधापलीकडच्या रानात मात्र फारसे नुकसान नाही. तेव्हापासून सासूबाईंनी एकच धरून ठेवले आहे की, घरात पाप शिरले आहे आणि देवाने त्याची शिक्षा दिली आहे. मुलगा रविवारी चर्चला जात नाही हे पाप, की पूर्वी भावकीशी भांडण झाले ते पाप, याचा त्या रोज हिशेब मांडतात. आता त्यांनी पाप फेडायचे म्हणून एक वेळचे जेवण सोडले आहे. वय सत्तरीच्या पुढे. सूनबाई लिहितात, "काका, तुम्ही शेतीही जाणता आणि शास्त्रही वाचता. गारा पापामुळे पडतात का? देव प्रेमळ आहे म्हणतात, मग आमच्याच रानावर का?"

मी पाळक नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो आणि आयुष्य बियाणे, माती आणि कीडरोग यांत गेले. पण आमचे घर आजोबांपासून ख्रिस्ती. लहानपणापासून शास्त्र वाचले आहे, आणि वाचूनही चुकलो आहे. त्या अधिकाराने चार शब्द लिहितो. जे वाचक इतर धर्मांचे आहेत त्यांनीही वाचावे. गारा कोणाचा धर्म विचारून पडत नाहीत.

गारा कशा पडतात

आधी रानातली गोष्ट. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जमीन तापू लागते, वरच्या थरात मात्र हवा बरीच थंड असते. हवेत ओल असली की गरम हवा जोराने वर चढते आणि उंच ढग उभे राहतात. ढगातला वर जाणारा वारा पाण्याचे थेंब गोठण्याच्या थरात नेतो. गोठलेल्या कणावर बर्फाचे थर चढत जातात. वजन वाऱ्याला पेलेनासे झाले की गार खाली येते. अशा ढगाचा पट्टा बहुधा अरुंद असतो. म्हणून एकाचे रान झोडपले जाते आणि बांधापलीकडचे वाचते. यात शेजारी पुण्यवान आणि आपण पापी असे काही नसते.

सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली. ज्या गावात नेमाने हरिनाम सप्ताह होतो त्या गावात ती झाली आणि जिथे दर रविवारी उपासना होते तिथेही झाली. गहू, हरभरा, द्राक्षे, संत्री, सगळे गेले. त्या गारपिटीत मी काय केले ते पुढे सांगणार आहे.

पण बाई, तुम्ही म्हणाल, गार कशी तयार होते ते कळले. आमच्या मनाला लागलेला डंख त्याने जात नाही. खरे आहे. म्हणून आता शास्त्राकडे वळू.

हाच प्रश्न पूर्वीही विचारला गेला

लूककृत शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय काढा आणि पहिली नऊ वचने वाचा. काही लोक येशूकडे बातमी घेऊन आले. गालीलातली माणसे यज्ञ करीत असताना पिलाताने त्यांना मारले होते. बातमी सांगणाऱ्यांच्या मनात काय होते ते येशूने ओळखले. मेलेले लोक इतरांपेक्षा मोठे पापी असतील, असे त्यांना वाटत होते. येशूने स्पष्ट सांगितले, नाही. मग त्याने स्वतःहून दुसरे उदाहरण काढले. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज कोसळला होता आणि अठरा माणसे त्याखाली मेली होती. ते अठरा जण त्या शहरातले सर्वांत वाईट होते का? त्याचेही उत्तर तेच, नाही.

सासूबाईंना हा भाग कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवावा. बुरुजाच्या जागी गारा ठेवल्या की प्रश्न तुमचाच आहे.

कोणी म्हणेल, जुन्या करारात तर आज्ञा मोडली की पाऊस बंद होईल, पीक जाईल असे लिहिले आहे. लिहिले आहे. अनुवादाच्या २८ व्या अध्यायात ते आहे, आणि ते एका सबंध राष्ट्राला उद्देशून आहे. ते कोणी काढून टाकू नये. पण त्याच ग्रंथात ईयोबाचेही पुस्तक आहे. ईयोबाची गुरे गेली, मुले गेली, अंगावर फोड आले. मित्र येऊन म्हणाले, तू पाप केले असशील. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. योहानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणूस आहे. याने पाप केले की याच्या आईबापांनी, असे शिष्य विचारतात. येशू दोन्ही नाकारतो. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात तर देव आपला सूर्य आणि पाऊस चांगल्या-वाईट दोघांच्याही रानावर पाठवतो, असे येशूने सांगितले आहे.

शास्त्रातले एकच वाक्य उचलून दुसऱ्याच्या दुःखावर ठेवणे सोपे असते. मातीच्या नमुन्याचेही तसेच आहे. बांधाजवळची एक मूठ माती तपासून सगळ्या रानाला खत ठरवले तर ते चुकते. पाच-सात ठिकाणची माती घ्यावी लागते. शास्त्रही तसेच पाच-सात ठिकाणी उकरून पाहावे.

मग पाप म्हणजे काय?

गारा पापाची शिक्षा नाहीत, म्हणजे पाप असे काही नाहीच, असा अर्थ कोणी काढू नये. येशूने तसे म्हटले नाही. ते अठरा जण जास्त पापी नव्हते असे सांगून तो ऐकणाऱ्यांकडे वळला आणि म्हणाला की, तुम्ही स्वतः मागे फिरला नाहीत तर तुमचाही नाश आहे. लोक विचारीत होते त्यांचे पाप किती, आणि तो विचारीत होता तुमचे काय.

नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात पापाला जो शब्द वारंवार येतो त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर तास चुकणे. पाभर धरणाऱ्याचे लक्ष हलले, तास वाकडा गेला. पेरताना कोणाला कळत नाही. पीक उगवून आले की सगळ्या गावाला दिसते, आणि पुढे कोळपणी करताना तोच वाकडा तास नडतो.

लोकांना वाटते, चोरी, दारू, व्यभिचार एवढेच पाप. ती पापे आहेतच. पण याच अध्यायात येशूने पुढे जी गोष्ट सांगितली, तिच्यातले पाप निराळे आहे. त्यात कोणी काही वाईट केलेले नाही. ती गोष्ट एका झाडाची आहे.

माळ्याचे म्हणणे

एका माणसाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड होते. तीन वर्षे तो फळ पाहायला येत होता आणि रिकाम्या हाताने परत जात होता. अखेर त्याने माळ्याला सांगितले, तोडून टाक, उगीच जमीन अडवून उभे आहे. माळी म्हणाला, मालक, आणखी एक वर्ष राहू द्या. मी याच्या भोवती खणतो, खत घालतो. फळ आले तर उत्तम, नाही आले तर मग तोडा.

पुरंदर तालुक्यातल्या, सासवडच्या बाजूच्या शेतकऱ्यांना ही गोष्ट जास्त कळेल. तिथले अंजीर प्रसिद्ध आहे. अंजिराचे झाड दोन-तीन वर्षांत फळ धरू लागते. ते हिरवेगार दिसते आणि तरी फळ देत नाही, असे होऊ शकते. नत्र जास्त झाले तर नुसता पाला वाढतो. छाटणी केली नाही तर नवी फूट येत नाही, आणि अंजिराचे फळ धरते ते मुख्यतः नव्या फुटीवर. मुळाशी पाणी साचले, माती दडपली, तांबेरा येऊन पाने गळाली, तरी फळ जाते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला झाड ठणठणीत वाटते. खरी स्थिती आळ्यात बसणाऱ्यालाच कळते.

आता माळ्याचे बोलणे नीट पाहा. झाड चांगले आहे असे तो म्हणत नाही. मालकाची तक्रार खोटी आहे असेही म्हणत नाही. तीन वर्षे फळ नाही ही गोष्ट खरी आहे. तो मुदत मागतो, आणि मुदतीबरोबर स्वतःचे कष्ट देऊ करतो. नुसते "राहू द्या" म्हणाला असता तर ती भीड झाली असती. "मी खणतो" म्हणाला, म्हणून ते प्रेम झाले. देवाचे प्रेम म्हणजे पापाकडे काणाडोळा नव्हे, हे मला या माळ्याने शिकवले. आम्ही ख्रिस्ती लोक या माळ्याच्या जागी येशूलाच पाहतो. आमच्यासाठी त्याने नुसती रदबदली केली नाही. क्रूसावर आपला जीव दिला, असा आमचा विश्वास आहे.

आणखी एक गोष्ट. झाडाभोवती खणताना काही बारीक मुळे तुटतात. झाडाला बोलता आले असते तर ते ओरडले असते. देव जेव्हा माणसाला खणतो तेव्हा दुखते. पण खणणे वेगळे आणि तोडणे वेगळे. सासूबाईंना मन दुखते ते जर देवाने खणल्यामुळे असेल, तर त्यातून फळ येईल: भावकीशी बोलणे सुरू होईल, नातवाला जवळ घेतले जाईल. पण त्या दुखण्यातून नुसती भीती आणि रिकामे पोटच उरत असेल, तर ते माळ्याचे काम नव्हे.

मी रस्त्यावरून पाहिलेले रान

२०१४ च्या गारपिटीनंतर पंचनामे करणाऱ्या पथकात मी होतो. त्या वेळच्या नियमाप्रमाणे निम्म्याहून अधिक नुकसान असेल तरच मदत मिळे. ती अट पुढे २०१५ साली ३३ टक्क्यांवर आणली गेली. एका संध्याकाळी शेवटचे एक रान राहिले होते. विधवा बाई, एकटीच्या हिमतीवर कसणारी, दोन एकर गहू. दिवस कलला होता, दिवसभर उन्हात फिरून पाय दुखत होते. मी मोटारसायकल उभी केली, रस्त्यावरूनच पाहिले आणि चाळीस टक्के लिहून मोकळा झालो.

रस्त्याच्या कडेला चिंचेच्या झाडांची रांग होती. तिच्या आडोशाने रस्त्याकडचा गहू उभा राहिला होता. आतला सगळा आडवा झाला होता. ते मी पाहिलेच नाही. आत जायला दहा मिनिटे लागली असती.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूने त्या शिवारातून गेलो तेव्हा आतले रान दिसले. लोंब्या झडलेला गहू ती बाई जनावरांसाठी कापीत होती. मी गाडी थांबवली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःला समजावीत होतो की, खातेदार फार होते, वेळ थोडा होता, मी लाच घेतली नाही, कोणाशी खोटे बोललो नाही. सगळे खरे होते. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसत होतो तेही खरे होते. पाला भरपूर होता.

त्या दिवसांत आई आमच्याकडे होती. आई निरक्षर. मी पाचवीत असल्यापासून तिने माझ्याकडून रोज एक अध्याय वाचून घेतला. नोकरीत सवय मोडली होती, ती तिने म्हातारपणी पुन्हा लावली. एका रात्री लूकचा १९ वा अध्याय आला. जक्कयाची गोष्ट. जक्कय हा जकातदारांचा मुख्य, म्हणजे एका अर्थी आमच्यासारखाच सरकारी माणूस. बुटका होता म्हणून येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला. उंबर आणि अंजीर एकाच कुळातले, हे मी मनात म्हणालो, कारण शेतीच्या माणसाचे लक्ष तिकडेच जाते. येशूने त्याला हाक मारून खाली बोलावले आणि त्याच्याच घरी मुक्काम केला. आधी शिक्षा नाही, आधी हिशेब नाही. मग जक्कय आपण होऊन उठला आणि म्हणाला की, ज्याचे मी अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत देतो.

मी तिथे थांबलो. आई म्हणाली, "का रे थांबलास?"

मी तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वाचलंस ना? मग आता मला काय विचारतोस?"

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना लेखी कळवले की, माझी नोंद चुकीची होती. यादी पुढे गेली होती, काही बदल झाला नाही. मग त्या बाईंना जेवढी मदत मिळाली असती तेवढी रक्कम घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. म्हटले, "मावशी, तुमचं रान मी आत येऊन पाहिलं नाही. चूक माझी आहे." त्यांनी पैसे मोजून घेतले. "बसा" म्हणाल्या नाहीत. पाणी दिले. निघताना एवढेच म्हणाल्या, "साहेब, जूनमधी आला असता तर पोरीचं नाव शाळेत राहिलं असतं."

तेव्हा ऑगस्ट होता. मार्चमधले पाप कळायला मला ऑगस्ट उजाडला. त्या दोन महिन्यांच्या अंतरात एका मुलीचे वर्ष गेले. देवाने मला क्षमा केली असा माझा विश्वास आहे. पण क्षमा झाली म्हणून त्या मुलीचे वर्ष परत आले नाही, हे मी विसरत नाही आणि विसरू नये. पुढे मी जितके पंचनामे केले, तितकी राने आत जाऊन पाहिली. याला मोठेपणा म्हणू नका. हे काम मला पगार देऊन सांगितलेले होते.

उगवण तपासा

आता शास्त्र जाणण्याविषयी. अंजिराची गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती. विचारली असती तर अध्याय-वचनासह सांगितली असती. तरी मी त्या संध्याकाळी रस्त्यावरून परत गेलो. मग मला काय येत होते?

पेरणीआधी उगवण तपासा, असे आम्ही दरवर्षी सांगतो. शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर ओळीत ठेवा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून ओल राखा, आठवडाभराने किती उगवले ते मोजा. सोयाबीनचे शंभरातले सत्तर उगवले तर बियाणे चांगले. दाणा टपोरा दिसतो म्हणून उगवतोच असे नाही. पाठ असलेल्या वचनांचेही तसेच आहे. शंभर पाठ असतील, त्यांतली रानात, बाजारात, कचेरीत किती उगवतात ते मोजावे. माझे त्या संध्याकाळी एकही उगवले नव्हते.

आणि पुष्कळ घरांत तर बियाणे कणगीतून बाहेरच येत नाही. बायबल कापडात गुंडाळून फळीवर ठेवलेले असते. लग्न-बारशाला खाली येते. ते आपल्या हाती मराठीत यावे म्हणून किती लोकांनी हाडे झिजवली हे आपल्याला ठाऊक नसते.

आमच्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, हे सगळ्यांना माहीत आहे. तीच तळमळ ख्रिस्ती शास्त्रासाठीही होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्याला आलेले जेजुइट धर्मगुरू. त्यांनी इथली भाषा शिकून ओवी छंदात 'क्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८११ साली मराठी नवा करार छापला.

पंडिता रमाबाईंचे काम तर आपल्या घरातल्या बायांनी जरूर ऐकावे. दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी त्यांनी दौंड तालुक्यात केडगावला मुक्ती मिशन उभारले. आधीची भाषांतरे साध्या बायांना जड जातात, असे त्यांना दिसले. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे एकटीने केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते बायबल छापून बाहेर आले. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०१० साली 'सुबोध बायबल' दिले. वसईची हिरवी शेती वाचावी म्हणून झगडणारे तेच. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले.

एवढ्या लोकांनी खपून ताट वाढले आहे. जेवायचे आपल्यालाच आहे.

आता काय करावे

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आणि तशाच इतर घरांना माझे सांगणे असे:

पहिले, सासूबाईंना जेवायला लावा. नुसते समजावू नका, त्यांच्याबरोबर बसा. लूकचा १३ वा अध्याय वाचा आणि मग १५ वा वाचा. हरवलेला मुलगा दुरून येताना दिसला आणि बाप धावत गेला, ती गोष्ट १५ व्यात आहे. पोराने उपास फेडून दाखवावा अशी अट त्या बापाने घातली नव्हती. उलट जेवण मांडले होते.

दुसरे, लूकचे शुभवर्तमान २४ अध्यायांचे आहे. रोज एक घेतला तर महिन्याच्या आत पुरे होते. दिवा लागल्यावर एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. शाळेत जाणाऱ्या पोराला वाचू द्या. वाचल्यावर तीन प्रश्न विचारा: हे कोणाला सांगितले? याच्या आधी आणि नंतर काय आहे? आणि उद्या सकाळी यातले मला काय करायचे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पुस्तक मिटू नका.

तिसरे, पाप कबूल करायचे तर नाव घेऊन करा. "आम्ही सगळे पापी" असे म्हणणे सोपे असते, त्याने कोणाचे काही परत मिळत नाही. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? त्याचे उत्तर अगदी रोजच्या व्यवहारातले आहे. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कोणाला लुबाडू नये. आपल्याकडे ते बांध कोरणे असेल, मापात मारणे असेल, मजुराची मजुरी अडवणे असेल, बहिणीच्या हक्काची सही दमदाटीने घेणे असेल. ज्याचे असेल त्याला भेटा, आणि लवकर भेटा. ऑगस्टची वाट पाहू नका.

चौथे, गारांसाठी गारांचा उपाय करा. पीकविमा काढला असेल तर नुकसान झाल्याचे लगेच कळवा. फोटो काढून ठेवा. आणि पंचनाम्याला येणारा माणूस, मग तो कितीही दमलेला असो, रस्त्यावरून परत जाऊ देऊ नका. त्याला हाताला धरून रानात आत न्या. हे मी स्वतःवरून सांगतो.

शेवटी आईची एक आठवण. मी पाचवीत असताना ती अंजिराची गोष्ट पहिल्यांदा वाचून दाखवली, तेव्हा आईने विचारले, "मग पुढं काय झालं? त्या झाडाला फळ आलं का?" मी पुढचे पान उलटले, त्याच्या पुढचेही उलटले. म्हटले, "आई, लिहिलंच नाही."

आई म्हणाली, "कसं लिहितील? वरीस अजून सरायचंय."

पुढील अंकी उन्हाळी कांद्याच्या साठवणुकीविषयी.